मित्राच्या एलएलसीत नाहीतर कुणाच्या टोकनमध्ये पैसे टाकताय? आधी आपल्या राज्याचा कायदा बघा

अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा एक ठाम समज असतो की गुंतवणुकीचं सगळं काही एसईसी बघते, म्हणजे तिकडे जशी सेबी तशी इकडे एसईसी, विषय संपला. तर तसं अजिबात नाहीये. इथं प्रत्येक राज्याचा स्वतःचा सिक्युरिटीज कायदा (शेअर, बाँड, नफ्यातला वाटा अशा गुंतवणुकी विकण्याबद्दलचा कायदा) आहे, स्वतःचं ऑफिस आहे, स्वतःचे इन्स्पेक्टर आहेत, आणि हे सगळं एसईसीच्या आधीपासूनचं आहे. कॅन्सस राज्यानं १९११ मध्ये पहिला दमदार कायदा केला, आणि फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा आला १९३३ साली. या राज्यांच्या कायद्यांना इथं ब्लू स्काय लॉ म्हणतात, कुणी वकील हा शब्द वापरला तर दचकू नका.

आपल्याकडे महाराष्ट्रात एमपीआयडी नावाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहेच, पण तो बहुतेकांना कधी कळतो, तर ठेवी बुडाल्यावर, आर्थिक गुन्हे शाखेच्या दारात उभं राहिल्यावर. इथला राज्याचा कायदा विक्रीच्या आधीच मध्ये येतो, निदान यायला हवा. म्हणून पैसे ट्रान्सफर करायच्या आधी काय काय बघायचं ते एकेक करून सांगतो. वकिलाची फी वाचेल असं म्हणत नाही, पण वकिलाला काय विचारायचं ते तरी कळेल.

पहिलं: ही सिक्युरिटी आहे का ते ठरवा

समजा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज आला: "नमस्कार मित्रांनो, डॅलसजवळ १२० युनिटचं अपार्टमेंट घेतोय, मिनिमम ५० हजार, दर तिमाहीला पैसे, पाच वर्षांत दुप्पट, फक्त आपल्या माणसांसाठी, ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांनी पर्सनलवर पिंग करा." मेसेज मी बनवलेला आहे पण एडिसन, फ्रीमाँट, प्लेनो कुठल्याही गावात राहत असाल तर असलं काहीतरी तुम्ही वाचलेलं असणार.

लोक म्हणतात अरे हे तर रिअल इस्टेट आहे, शेअर थोडीच आहे. पण कायदा नाव बघत नाही. १९४६ चा सुप्रीम कोर्टाचा हाउई निकाल आहे, फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागेचा. हाउई कंपनी लोकांना बागेचे तुकडे विकायची आणि सोबत सर्व्हिस काँट्रॅक्ट द्यायची, की झाडं आम्ही बघतो, संत्री आम्ही विकतो, नफा तुमचा. कोर्ट म्हणालं ही जमीन विक्री नाही, ही सिक्युरिटी आहे. चार गोष्टी बघायच्या: पैसे टाकले का, सगळ्यांचं एकत्र आहे का, नफ्याची अपेक्षा आहे का, आणि तो नफा दुसऱ्याच्या मेहनतीतून येणार का. डॅलसच्या अपार्टमेंटला हे लावून बघा, तुम्ही न्यू जर्सीत बसून तिकडचे नळ दुरुस्त करायला जाणार नाही आहात, म्हणजे चारही टिक. एलएलसीची (अशा डीलसाठी काढतात त्या छोट्या कंपनीची) मेंबरशिप, सेफ नोट (स्टार्टअपला आता पैसे देऊन पुढे शेअर घ्यायचा करार), प्रॉमिसरी नोट, नफ्यात वाटा, हे सगळं बहुतेक वेळा यात येतं.

आता राज्याची गंमत बघा. कॅलिफोर्नियात याहून जुनाट दिसणारी पण जास्त पसरलेली एक टेस्ट आहे, रिस्क कॅपिटलची. १९६१ चा सिल्व्हर हिल्स निकाल. मरीन काउंटीत एक कंट्री क्लब उभारायचा होता आणि प्रमोटर लोक क्लब पूर्ण व्हायच्या आधीच मेंबरशिपा विकत होते, त्याच पैशातून क्लब उभा राहणार होता. मेंबरांना नफा वगैरे मिळणार नव्हता, पोहायला मिळणार होतं बस. तरी कोर्टानं म्हटलं ही सिक्युरिटी, कारण धंदा उभा करायची जोखीम तुम्ही मेंबरांच्या डोक्यावर टाकली. हाउईत नफ्याची अपेक्षा लागते, इथं तेवढी सुद्धा लागली नाही. हे लक्षात ठेवा, क्रिप्टो टोकनच्या वेळी परत लागणार आहे.

दुसरं: कुठलं राज्य

यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. "आमची कंपनी डेलावेअरची आहे" हे वाक्य ऐकलं की समजा समोरच्याला विषय माहीत नाही. डेलावेअरचा कंपनी कायदा कंपनीच्या आतल्या कारभाराला लागू होतो, म्हणजे बोर्ड, मतदान, डायरेक्टरची जबाबदारी वगैरे. सिक्युरिटीजचा कायदा मात्र माणसाच्या पत्त्याला चिकटतो. विकणारा जिथून विकतो ते राज्य आणि घेणारा जिथं बसलाय ते राज्य, दोन्ही. म्हणजे कंपनी डेलावेअरची, फाउंडर एडिसनचा, बिल्डिंग डॅलसला, आणि पैसे टाकणारे न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि इलिनॉयचे, तर न्यू जर्सी ब्युरो ऑफ सिक्युरिटीज, कॅलिफोर्नियाचं डीएफपीआय आणि इलिनॉयच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं खातं, तिघांचाही संबंध येतो. पुण्याहून मामा पैसे टाकणार असतील तरी ऑफर न्यू जर्सीतून गेली म्हणून तो कायदा लागू होऊ शकतो, शिवाय मामांना तिकडे एलआरएसची (भारतातून बाहेर पैसे पाठवायच्या योजनेची) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि बाकी आरबीआयचे नियम वेगळेच.

ऑफिसं सुद्धा एका साच्यातली नाहीत. टेक्सासमध्ये स्टेट सिक्युरिटीज बोर्ड स्वतंत्र आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ द कॉमनवेल्थकडे, न्यूयॉर्कमध्ये थेट अॅटर्नी जनरलकडे. न्यूयॉर्कचा मार्टिन ॲक्ट १९२१ चा आहे आणि त्याच्या नावानं वॉल स्ट्रीटवाले पण टरकतात, कारण फसवायचा हेतू होता हे सिद्ध करायची गरज अॅटर्नी जनरलला पडत नाही. पण एक खोच आहे, त्या ॲक्टखाली सामान्य गुंतवणूकदाराला स्वतः केस टाकता येत नाही, तो अधिकार सरकारचाच.

तिसरं: रजिस्टर्ड आहे की सूट घेतलीय, आणि कुठली सूट

नियम सोपा आहे. राज्यात सिक्युरिटी विकायची तर ती रजिस्टर करा, नाहीतर सूट दाखवा, नाहीतर ती फेडरल कायद्यानं संरक्षित असली पाहिजे. पूर्वी राज्यांची दादागिरी फार होती. १९८० च्या डिसेंबरमध्ये ॲपलचा आयपीओ आला तेव्हा मॅसॅच्युसेट्सनं आपल्या लोकांना तो घेऊच दिला नाही, फार रिस्की आहे म्हणून. आज हसू येतं, पण तेव्हा बऱ्याच राज्यांत सरकार नुसती माहिती दिलीय का एवढंच न बघता डील गुंतवणूकदाराला न्याय्य आहे का हे पण बघायचं, कॅलिफोर्नियात हे अजूनही आहे. मग १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे इथल्या काँग्रेसनं, एनएसएमआयए कायदा करून राज्यांचे हात बांधले, एनवायएसई, नॅस्डॅकवरचे शेअर आणि एसईसीच्या नियम ५०६ खालच्या खाजगी ऑफर यांना राज्याचं रजिस्ट्रेशन लागणार नाही. राज्याकडे उरलं काय तर नोटीस फाइल करून घेणं, फी घेणं, आणि फसवणुकीची चौकशी. शेवटचं फार मोठं आहे बरं का, ते कुणी काढून घेतलेलं नाही.

तुमच्या मित्राची डील नव्वद टक्के वेळा ५०६ वरच उभी असते. त्याचे दोन प्रकार. ५०६ बी मध्ये जाहिरात करायची नाही, आधीपासून खरी ओळख असलेल्यांनाच विचारायचं, अॅक्रेडिटेड कितीही चालतात आणि जास्तीत जास्त ३५ बिगर-अॅक्रेडिटेड, पण एक जरी असा घेतला तरी बरीच कागदपत्रं द्यावी लागतात. ५०६ सी मध्ये जाहिरात बिनधास्त करा पण घेणारे सगळे अॅक्रेडिटेड हवेत आणि ते तपासायची जबाबदारी विकणाऱ्याची, नुसतं चौकटीत टिक करून घेऊन भागत नाही. अॅक्रेडिटेड म्हणजे ढोबळ मानानं गेली दोन वर्षं एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर किंवा जोडीचं ३ लाखांच्या वर आणि यंदाही तसंच अपेक्षित, नाहीतर राहतं घर सोडून १० लाखांची संपत्ती.

आता परत तो मेसेज वाचा. शेकडो लोकांच्या ग्रुपवर टाकलाय, त्यातल्या अर्ध्यांना पाठवणारा नावानं पण ओळखत नाही, आणि कागदावर लिहिलंय ५०६ बी. इथं डील फुटते. ५०६ च्या अटी पाळल्या नाहीत तर बहुतेक कोर्टांच्या मते फेडरल संरक्षण गेलं, संरक्षण गेलं की राज्याचं रजिस्ट्रेशन लागतं, ते कुणी केलेलंच नसतं, आणि मग राज्याच्या कायद्यानं घेणाऱ्याला पैसे व्याजासकट परत मागायचा हक्क उभा राहू शकतो. "फक्त आपल्या माणसांसाठी" असं लिहिल्यानं ग्रुप खाजगी होत नाही हो.

नियम ५०४ खालची ऑफर असेल, १ कोटी डॉलरपर्यंत चालते, तर तिला फेडरल संरक्षण नाही, प्रत्येक राज्यात वेगळं रजिस्ट्रेशन किंवा राज्याची सूट लागते. कॅलिफोर्नियातली घरगुती डील बऱ्याचदा २५१०२ एफ या कलमावर असते, ३५ पर्यंत लोक (काही जण त्यात धरले जात नाहीत), ओळखीचे किंवा जाणकार, जाहिरात नाही, आणि पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत नोटीस.

चौथं: फॉर्म डी उघडून वाचा

हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात स्वस्त आहे. एसईसीच्या एडगर साइटवर कंपनीचं नाव टाका. ५०६ किंवा ५०४ खाली विकणाऱ्याला पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत फॉर्म डी, म्हणजे सूट घेतल्याची नोटीस, एसईसीकडे टाकावा लागतो. छोटासा फॉर्म आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो. आयटम ३ मध्ये माणसं कोण ते, ग्रुपवर ज्यानं मेसेज टाकला त्याचं नाव त्यात आहे का बघा. आयटम ६ मध्ये सूट कुठली ते, बी वर टिक आहे की सी वर. आयटम १२ मध्ये माणसं आणायचे पैसे कुणाला मिळाले आणि कुठल्या राज्यांत. आयटम १४ मध्ये बिगर-अॅक्रेडिटेड किती. आयटम १५ मध्ये कमिशन आणि फाइंडर फी, आयटम १६ मध्ये जमलेल्या पैशातले मॅनेजर लोकांच्या खिशात किती. "आम्ही एक पैसा कमिशन घेत नाही" असं झूमवर सांगणारा आयटम १५ मध्ये काय लिहितो ते वाचायला मजा येते.

मग राज्याची नोटीस झालीय का ते विचारा. ती बहुतेक ठिकाणी त्या राज्यातल्या पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत करायची असते, सगळ्या राज्यांच्या सिक्युरिटीज खात्यांची मिळून एनएएसएए नावाची संघटना आहे तिच्या ईएफडी साइटवरून ऑनलाइन होते. टेक्सासची फी ऑफरच्या हजारातला एक भाग आणि कमाल ५०० डॉलर, म्हणजे वीस लाख जमवणाऱ्याला हे पाचशे जड व्हायचं कारण नाही. ज्यानं हे पण केलं नाही तो तुमचा हिशोब काय ठेवणार. पण उलट बाजू पण लिहून ठेवा: फॉर्म डी टाकला म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. "एसईसी अप्रूव्हड" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा, एसईसी कुठलीच गुंतवणूक अप्रूव्ह करत नाही आणि राज्यं पण कुठली गुंतवणूक चांगली अशी शिफारस करत नाहीत.

पाचवं: विकणारा माणूस कोण

डीलइतकाच माणसाचा कायदा पण राज्याकडे आहे. टक्केवारी घेऊन गुंतवणूकदार आणून देणारा माणूस बहुतेक राज्यांत ब्रोकर किंवा एजंट म्हणून रजिस्टर लागतो, काही राज्यांत फाइंडरसाठी मर्यादित सूट आहे पण तिच्या अटी असतात. आपल्याकडे काय होतं, समाजातले एक वजनदार काका असतात, सगळ्यांच्या मुंजीला हजर, ते म्हणतात मी पण टाकलेत. टाकलेत खरे, पण त्यांना तुमच्या पैशावर दोन टक्के मिळतायत का हे विचारायला आपल्याला लाज वाटते. विचारा. बिनधास्त विचारा, "काका, तुम्हाला यात काही सुटतं का?" आणि उत्तर ईमेलवर घ्या.

नाव ब्रोकरचेक या ब्रोकर तपासायच्या साइटवर टाका, फुकट आहे. १० कोटी डॉलरपेक्षा कमी पैसे सांभाळणारे सल्लागार साधारणपणे एसईसीकडे नाही तर राज्याकडेच रजिस्टर असतात, त्यामुळे राज्याच्या ऑफिसला फोन केला तर जुन्या तक्रारी पण कळतात. फोन उचलतात, हे मुद्दाम सांगतो.

सहावं: टोकन, स्टेकिंग, क्रिप्टोवर व्याज

यात राज्यं बऱ्याचदा एसईसीच्या पुढे धावली आहेत. टेक्सासनं ४ जानेवारी २०१८ ला बिटकनेक्टवर तातडीचा बंदी हुकूम काढला, महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परताव्याचं गाजर होतं, आणि १६ जानेवारीला बिटकनेक्टनं आपला लेंडिंगचा धंदा बंद केला. भारतातल्या लोकांचे पण त्यात भरपूर पैसे गेले, आणि तिच्या भारतीय संस्थापकावर २०२२ मध्ये सॅन डिएगोत फेडरल आरोपपत्र दाखल झालं.

पण शिकण्यासारखी केस ब्लॉकफायची. जर्सी सिटीची कंपनी, म्हणजे आपल्या अर्ध्या आयटीवाल्यांच्या घरासमोर. तुम्ही बिटकॉइन त्यांच्याकडे ठेवायचे, ते पुढे उधार द्यायचे, तुम्हाला व्याज. जुलै २०२१ मध्ये न्यू जर्सी ब्युरोनं हुकूम काढला की ही व्याजाची खाती म्हणजे रजिस्टर न केलेली सिक्युरिटी आहे. लोक म्हणाले बिटकॉइन सिक्युरिटी नाही मग हे कसं? बिटकॉइन नाहीच, पण तो दुसऱ्याच्या हातात देऊन त्यानं एकत्र करून धंदा करायचा आणि तुम्हाला परतावा द्यायचा हा जो करार आहे तो आहे, संत्री सिक्युरिटी नव्हती, बागेची योजना होती तसंच. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्लॉकफायनं १० कोटी डॉलरवर मिटवलं, ५ कोटी एसईसीला, ५ कोटी ३२ राज्यांना. त्याच नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. होबोकनच्या सेल्सियसला पण न्यू जर्सीनं सप्टेंबर २०२१ मध्ये तसाच हुकूम दिला होता, १२ जून २०२२ ला तिनं लोकांचे पैसे काढणं बंद केलं. मधले नऊ महिने हुकूम सार्वजनिक होता, ज्यानं राज्याची साइट बघितली त्याला दिसत होता.

त्यामुळे कुठल्याही प्लॅटफॉर्मवर "अर्न", "यील्ड", "स्टेक" असं बटण दिसलं की आपल्या राज्याच्या साइटवर कंपनीचं नाव शोधा, पाच मिनिटं लागतात. स्टेकिंगवर (आपली नाणी अडकवून ठेवून त्यावर बक्षीस मिळवणं) मात्र राज्यांचं एकमत नाही. जून २०२३ मध्ये दहा राज्यांनी कॉइनबेसच्या स्टेकिंगवर कारवाई सुरू केली, २०२५ मध्ये एसईसीनं आपली केस मागे घेतली, पाठोपाठ व्हर्माँटसारख्या काही राज्यांनी पण घेतली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओरेगननं रजिस्टर न केलेली टोकनं विकल्याबद्दल कॉइनबेसवर नवीन केस ठोकली. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये वारं फिरलं म्हणून सगळीकडे फिरलं असं धरून चालू नका. जुलै २०२५ च्या जीनियस ॲक्टनं नियमात बसणारी पेमेंट स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) सिक्युरिटी नाही असं स्पष्ट केलंय, पण तो स्टेबलकॉइनपुरता.

स्वतः टोकन काढायच्या विचारात असाल, "आमचं युटिलिटी टोकन आहे, नफ्याचं वचनच नाही" असं म्हणून सुटायच्या विचारात असाल, तर वरचा कंट्री क्लब परत वाचा. ॲप तयार नाही, टोकन विकून ॲप बांधणार, म्हणजे कॅलिफोर्नियात तुम्ही पोहण्याचा तलाव बांधताय. उलट वायोमिंगनं २०१८ मध्ये आणि कोलोरॅडोनं २०१९ मध्ये वापराच्या टोकनांना अटींसह सूट दिली, पण ती त्यांच्या राज्यापुरती. न्यूयॉर्कच्या माणसाला विकलं की न्यूयॉर्क येणारच. कुकॉइन एक्सचेंज परदेशात होतं तरी न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनं केस केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरवर मिटलं, त्यातले सुमारे १ कोटी ६७ लाख लोकांना परत.

सातवं: कंपनी विकली, शेअरच्या बदल्यात शेअर

बे एरियात स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्यांना हे कधीतरी भेटतं. तुमची कंपनी दुसरीनं घेतली आणि पैशाऐवजी तिचे शेअर देणार. कायद्याच्या नजरेत ही नवीन सिक्युरिटीची विक्रीच आहे, म्हणजे परत रजिस्टर नाहीतर सूट. छोट्या कंपनीत बिगर-अॅक्रेडिटेड कर्मचारी ३५ च्या वर गेले की ५०६ बी हातातून जातं. मग कॅलिफोर्नियात एक वाट आहे, कलम २५१४२ ची फेअरनेस हिअरिंग. डीएफपीआयचा अधिकारी जाहीर सुनावणी घेतो आणि अटी शेअरहोल्डरांना न्याय्य आहेत का ते ठरवतो, मंजूर झालं की फेडरल रजिस्ट्रेशनची पण सूट मिळते. अशी सोय मोजक्याच राज्यांत आहे. तुम्हाला या सुनावणीची नोटीस आली तर जंक समजून फेकू नका, शेअरहोल्डर म्हणून तिथं जाऊन बोलायचा तुम्हाला हक्क आहे, आणि कॉमन शेअरवाल्यांच्या (बहुतेक कर्मचाऱ्यांच्या) वाट्याला प्रेफर्डच्या (मोठ्या गुंतवणूकदारांच्या, आधी पैसे मिळणाऱ्या शेअरच्या) मानानं किती येतंय हे तिथंच विचारता येतं.

एलएलसीची कॉर्पोरेशन करणं, नोटचे शेअर करणं, यात पण हाच प्रश्न येतो. बहुतेक वेळा सूट असते, फक्त कुणीतरी ती बघितलीय का ते विचारा.

आठवं: काम बिघडलं तर

पैसे अडकले की लोक पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर भांडतात आणि समोरच्याला मेसेज डिलीट करायला वेळ मिळतो. आधी स्क्रीनशॉट, झूमचं रेकॉर्डिंग असेल तर ते, वायरची पावती, सबस्क्रिप्शन ॲग्रीमेंट, सगळं एका फोल्डरमध्ये. मग आपण राहतो त्या राज्याच्या सिक्युरिटीज खात्याकडे ऑनलाइन तक्रार, फुकट असते, आणि एच१बीवर आहात की ग्रीन कार्डवर यानं तक्रार करायचा हक्क बदलत नाही. बऱ्याच राज्यांत रजिस्टर न करता किंवा खोटं सांगून विकलं असेल तर दिलेले पैसे, व्याज, कोर्टखर्च आणि वकिलाची वाजवी फी, वजा मिळालेलं उत्पन्न, एवढं मागता येतं. याला मुदत असते आणि ती राज्याप्रमाणे बदलते, "पुढच्या तिमाहीत देतो" ऐकत बसलात तर ती निघून जाते.

कधीकधी समोरून रिसिजन ऑफरचं, म्हणजे सौदा रद्द करायच्या प्रस्तावाचं, पत्र येतं, पैसे परत घ्या नाहीतर राहू द्या, अमुक तारखेच्या आत कळवा. उत्तर दिलं नाही तर केस करायचा हक्क जाऊ शकतो, त्यामुळे त्या पत्रावरची तारीख फोनमध्ये टाका आणि सही करायच्या आधी तुमच्या राज्यात सिक्युरिटीजचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. इमिग्रेशनवाला किंवा घराच्या क्लोजिंगवाला वकील यात चालत नाही.